अकरा चिंध्या

पाठीवरचा फवारणीचा पंप उतरवून चंपत वावराच्या बांधावर, धुऱ्यावर टेकला. "या वैनी. झालं तुमचं काम."

लेकीला कडेवर घेऊन कपाशीच्या पऱ्हाट्यांमधल्या तासातून येणारी सुनयना जागीच थबकली. "माझं कसलं काम?"

"चिंध्या तुमीच बांधल्या ना? जीवनभाऊ म्हणे, वैनीनं सोता बांधल्या, चिंध्या पाहून मार. एकेका वेलाले दोन-दोन खेपा तनाच्या औषधानं धुतलं. पान कोरडं ठेवलं नाही."

जुन्या लाल साडीच्या अकरा चिंध्या धुऱ्यावर हलत होत्या. प्रत्येक चिंधीखाली रानतुरीचा एकेक वेल, बोरीच्या काट्यांना धरून वर चढलेला. पानापानातून थेंब ठिबकत होते. पाऊस पडून गेल्यासारखे हिरवेगार दिसत होते वेल. वास तेवढा पावसाचा नव्हता. सुनयनाने लेकीच्या नाकावर पदर धरला.

"चंपतभाऊ, हे वेल सोडून फवारा म्हणून बांधल्या होत्या हो मी. वाचवायचे होते ते."

चंपतने चिंध्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आधी त्याला हसूच आलं होतं, ते त्याने गिळलं.

"वाचवाले कोनी चिंधी बांधते का वैनी? हरळी मरून नाही राह्यली, लव्हाळा मरून नाही राह्यला, त त्या जागी बांधतेत. इथं जास्त मार म्हून. आपल्या गावात शेंबड्या पोराले इचारा."

बोथ गावी किराणा दुकानात वाढलेल्या सुनयनाला हे कोणी सांगितलं नव्हतं, नवऱ्याने, जीवननेही नाही. कॉलेजात सहलीला नेलं की राखायच्या झाडाला खूण बांधायला लावत, तेवढं तिला ठाऊक. आणि आज ती इथे उभी राहिलीही असती. पण औषधाचा वारा पोरीला लागायला नको, म्हणून सकाळपासून दारं-खिडक्या लावून, फटींत फडकी कोंबून बसली होती. पंपाची घरघर थांबली तेव्हाच बाहेर पडली.

मागच्या साली अळीने वावरातल्या तुरीची चाळण केली होती. तीन औषधं झाली, अळी हलली नाही. धुऱ्यावरच्या या रानवेलाच्या लवदार शेंगांना मात्र तिने तोंडही लावलं नव्हतं. ते सुनयनानेच हेरलं, फोटो काढून संशोधन केंद्रातल्या मॅडमना पाठवले. मॅडम उटनूरहून येऊन पाहून गेल्या. नाल्यापलीकडची रानतूर रस्त्याखाली गेली, खालच्या शिवारातली धुऱ्यासकट नांगरली. माझ्या पाहण्यात आता एवढीच उरलीय, म्हणाल्या. शेंग काळी पडून आत बी वाजायला लागलं की तोडा. हिरवी तोडलेली उगवत नाही.

त्याला अजून पंधरा दिवस होते.

"किती दिवसांत मरतं हे?"

"आठ. लई झालं त धा."

तिने लेकीला उतरवून मागे तासात उभं केलं. पिशवीतून पाण्याची बाटली काढली. उकळून, गाळून, गार केलेलं पाणी; दुसऱ्या घरचा थेंबही ती पोरीला पाजत नसे. ते पाणी ती पहिल्या वेलावर ओतू लागली. पानं चोळून चोळून धुवू लागली. दुसरा वेल झाला. तिसऱ्याच्या निम्म्यात बाटली रिकामी झाली.

"आता काय उपेग, वैनी," चंपत हळूच म्हणाला. "पानानं पेलं ते. मुळापोतर जाते. माहा पान्याचा डबा घ्या म्हनलं असतं, पन औषध त्याच्यातच कालवलं."

तिने एक शेंग तोडून नखाने उकलली. आत चार दाणे होते, मऊ, पोपटी. एक चिमटीत धरला तर फुटला आणि त्याचं पाणी बोटावर आलं.

तेवढ्यात मागून येऊन पोरीने लोंबती लाल चिंधी धरायला हात वर केला.

"हात लावू नको! विख आहे ते!"

तिचं ओरडणं एवढं मोठं होतं की चंपतही दचकला. पोरगी रडायला लागली. सुनयनाने तिला उचललं, तिचे दोन्ही तळहात पदराला पुसले, पुन्हा पुसले.

"आई, पाणी," पोरगी हुंदके देत म्हणाली.

सुनयनाने रिकामी बाटली पिशवीत टाकली. एका हाताने पोरीला छातीशी धरून दुसऱ्या हाताने ती पहिल्या वेलाची चिंधी सोडू लागली.

"राहू द्या वैनी चिंध्या," पंप उचलता उचलता चंपत म्हणाला. "आठ दिवसानं येऊन पाह्यतो मी. एखादा जगला असला, त चिंधीवरून लगेच सापडते."

जगलेल्या तणाला पुन्हा फवारायला तो असाच यायचा; सवयीने बोलून गेला होता. बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच कळलं. मान खाली घालून तो पंपाचा पट्टा उगीच सारखा करत राहिला.

गाठ सुटेना. पंधरा दिवस टिकावी म्हणून तिने ती दुहेरी मारली होती.