रिकामी टाकी

मालविमान सुटायला तीन तास उरले होते आणि रूपश्री मोटरसायकलच्या उघड्या खोक्याभोवती येरझाऱ्या घालत होती. कार्गोवाल्यानं टाकीचं झाकण उघडून हुंगलं. “मॅडम, आत पेट्रोल आहे. अशी गाडी विमानात चढणार नाही.” कसं शक्य होतं? काल राजाजीनगरच्या घरी तिनं स्वतः शेवटचा थेंबही काढून टाकला होता. मग तिला आठवलं, सकाळी टेम्पो येण्याआधी वडील गाडीपाशी घुटमळत होते. एकटी पोरगी आफ्रिकाभर भटकणार म्हणून महिनाभर त्यांनी अबोला धरला होता. तिनं तणतणत फोन लावला. “अण्णा, मी जाऊ नये म्हणून पेट्रोल ओतलंत ना?” “छे गं पुट्टी, माझ्या बाळा. लांबच्या प्रवासाला आपल्या घरातून गाडी कधी रिकाम्या टाकीनं निघालेली नाही.” तिचा आवाज नरमला. “पेट्रोल काढायला रिकामा कॅन घेऊन स्कूटरवरून या, लवकर.” “कसा येऊ? तिच्यातलंच तुझ्या गाडीत ओतलं.”