केतकीची भूक

टीव्हीवर, जंगलातल्या त्या स्पर्धेत, केतकी आपल्या वाटणीचा भात हसत हसत इतरांच्या ताटात वाढत होती. "खा रे, मला भूकच नाही!" त्याच भातावर तिने सगळ्यांची मतं मिळवली आणि स्पर्धा जिंकली.

घरी सोफ्यावर बसलेली केतकी मात्र मान वर करेना. स्पर्धेच्या एकवीस दिवसांत तिच्या मानेवरची चकती तिची भूक घरी वडिलांच्या मानेवरच्या जोडीच्या चकतीकडे, थेट त्यांच्या पोटात पाठवत होती. भाकऱ्यांवर भाकऱ्या खाऊनही अण्णा ते सगळे दिवस भुकेने कळवळत राहिले, पण स्वतःची चकती काही त्यांनी काढली नाही.

"काढून टाकायची होती ना, अण्णा," ती पुटपुटली.

अण्णांची नजर पडद्यावरच्या भातावरून हलेना.

"मला वाटलं," ते म्हणाले, "पोरीला तिथं खायलाच मिळत नाही."