विमानाचं शेपूट

"शेपूट वाकडं होतं, म्हणून काल विमान बाभळीत घुसलं," ओट्यावर बसून थर्माकोलच्या तुटक्या पंखाला फेविकॉल लावत हे पुटपुटले. रिमोटवर उडणारं ते विमान ह्यांनी स्वतःच्या हाताने बनवलेलं. शेपूट सुतासारखं सरळ होतं. एवढी मोठी बाभूळ ह्यांना दिसलीच नव्हती.

माझ्या जिभेने व्याह्यांना रडवलंय, सुनांची तर बातच सोडा. पण "तुमची नजर गेली" एवढं काही त्या जिभेवर येईना.

"मेलं विमानच करंटं," मी म्हणाले.

मग ह्यांनी पकडीने शेपटाची तार ओढली, पुन्हा ओढली, आणि विमान माझ्यापुढे धरलं. "बघ गं, आता बसलं का सरळ?"

चांगलं होतं ते शेपूट आता एका अंगाला कलंडलं होतं.

"झकास बसलंय. तुमच्या हाताला कोण नावं ठेवील?"

ह्यांनी शेपटावरून सावकाश अंगठा फिरवला. वाकड्या जागी तो थांबला. मग रिमोट त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला.

"तू गोड बोललीस," हे म्हणाले, "म्हणजे डोळे गेलेच म्हणायचे माझे."