तांब्याभर हवा

"उंचावरून ओत, आई. पाणी खळखळलं पाहिजे, तरच त्यात हवा मिसळते," फोनमधून नीरज सांगत होता.

कुमुदताईंनी फोन स्पीकरवर टाकून माशांच्या टाकीला टेकवून ठेवला होता. लाइट गेली, पंपाचे बुडबुडे थांबले, तसे मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले होते. मासे नीरजचे. बंगलोरला बदली झाली तेव्हा "तुला सोबत होईल" म्हणत त्यानं टाकी आईकडे आणून ठेवली होती. एरवी त्याचा फोन यायचा तो रविवारी, तोही 'जेवलीस का' एवढ्यापुरता. आज मात्र मीटिंग सोडून तो केव्हाचा लाइनवर होता.

ताई तांब्या भरत होत्या, ओतत होत्या. हात भरून आला होता. पण बोलता बोलता त्यानं गुडघ्याची चौकशी केली, आमटीत गूळ किती घालतेस ते विचारलं. बाबा सायकलच्या हँडलला पिशवी लटकवून पहिले मासे घेऊन आले होते, त्या आठवणीनं तर दोघंही पोटभर हसले.

तेवढ्यात डोक्यावरचा पंखा फिरायला लागला. पंप गुरगुरला आणि टाकीत बुडबुड्यांची रांग उठली.

"आली का गं लाइट?" नीरजनं विचारलं. "आली असेल तर ठेवतो मी. कामं पडलीयेत."

ताईंनी हात लांब करून पंपाचं बटण बंद केलं.

"नाही रे, कुठे आली अजून!" म्हणत त्यांनी तांब्या पुन्हा उंच धरला.