पुराचा सीन

"पळा! पूर आलाय, पळा!" डायरेक्टर भोंग्यातून ओरडला आणि माळावर उभ्या केलेल्या दहा टँकरचं पाणी एकदम सुटलं. पन्नास वर्षांनी जग बुडतं, असा त्यांचा सिनेमा. त्यात डोक्यावर रिकामे हंडे घेऊन पळायला आम्ही गावातल्या वीस बाया.

एकही बाई पळाली नाही. पाणी दिसलं तसे आम्ही हंडे उतरवले, नंबराला ओळीत लावले आणि भरायला लागलो. दर बारा दिवसांनी येणारा आमच्या गावचा टँकर या खेपेला आलाच नव्हता. तो त्या दहांत उभा होता.

"कट! कट!" पाणी बंद झालं. डायरेक्टर चिखल तुडवत माझ्यापाशी आला. "मावशी, पूर बघून माणूस घाबरतो! अक्कल आहे का?"

"चुकलं, साहेब." मला खरंच वाटत होतं, चुकलंच आमचं.

"बरं, हंडे ओता. परत घेऊ."

"ओता?"

"सीनमध्ये रिकामे पाहिजेत. ओता लवकर, ऊन उतरतंय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "आमच्याच टँकरचं पाणी ओता म्हणतोस? जीभ कशी रेटते रे तुझी?" मी भरला हंडा डोक्यावर घेतला. "सगुणे, भामे, उचला गं! पळा!"

वीसच्या वीस बाया पळाल्या, पूर मागे लागल्यासारख्या. थेंब सांडू दिला नाही.

मागून भोंगा ओरडत होता, "अहो थांबा! कॅमेरा बंद आहे!"