पहिली ओळ

बन्सीआण्णांचा उभा जन्म अंबाजोगाईच्या दैनिकात दुसऱ्यांच्या बातम्या कापण्यात गेला. म्हणून अंजलीनं मसाल्याच्या दुकानाची प्रेसनोट आधी वडिलांपुढं ठेवली. पेपरात छापून आली, तर लग्नसराईत गिऱ्हाईक वाढणार होतं.

आण्णांनी पेन उघडला. ‘सुप्रसिद्ध’ गेलं, ‘अस्सल घरगुती चव’ गेली, दुकानात येऊन गेलेल्या पाहुण्यांची नावं तर झाडून गेली.

“अवो आण्णा, काई ठिवता का न्हाई?”

“ही जाहिरात हाय, अंजे. बातमीत नवं काय, ते पहिल्याच ओळीत लागतंय. दुकान तरी नवं हाय का?”

“आईनं टाकलेलंच की.”

“येसूर मसाला?”

“तोबी तिचाच. तीच कढई, तेच खोबरं, गल्लीला तोच ठसका.”

“मग यंदा नवं काय, ते सांग की!”

अंजलीनं खोडाखोडीचा कागद आपल्याकडं ओढला.

“यंदा भाजायला आई न्हाई.”

आण्णांनी पेनाला टोपण लावलं.

“ती ओळ समद्यात खाली टाक,” ते हळूच म्हणाले.

जागा कमी पडली की पेपरात बातमी खालूनच कापतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं!