सरळ पट्टे

तपासणीच्या बाईंनी चकतीवरचं आम्ल धुतलं आणि भिंग लावलं. कारखान्यातल्या तुटलेल्या ओतीव दांड्याची ती कापून काढलेली चकती. दांडा तुटला तेव्हा खाली फिटर होता. त्याची तीन बोटं गेली. साहेबांना संध्याकाळपर्यंत दोषी म्हणून एक नाव हवं होतं.

चकतीत स्फटिक दिसू लागले. वितळलेला धातू साच्याच्या भिंतीकडून आत गोठत जातो. तो ढवळत ठेवला, तर स्फटिक येणाऱ्या प्रवाहाकडे झुकून वाढतात. ढवळणी थांबली की सरळ, आणि त्या सरळ उभ्यांच्या फटींतच सगळी घाण साचून धातू कच्चा राहतो. बाईंचा माणसांवर विश्वास नव्हता, स्फटिकांवर होता. माणूस दहा कारणं सांगतो. स्फटिक झुकतो, नाहीतर झुकत नाही.

इथे ते डावीकडे झुकले होते. मग काडीएवढा सरळ पट्टा. पुन्हा झुकलेले. पुन्हा सरळ. असे चार पट्टे, एकात एक. बाईंनी अंतरं मोजली, गोठण्याचा वेग धरून वेळ काढली. दर पंधरा मिनिटांनी ढवळणी तीन मिनिटं बंद! आणि तडा गेला होता तो तिसऱ्या पट्ट्यातून.

"एवढा शिस्तीचा कामचुकार जन्मात पाहिला नाही," बाई पुटपुटल्या, आणि त्यांनी ढवळ्याला बोलावणं धाडलं.

ढवळणीवर असतो म्हणून तो ढवळ्या. यंत्राची मूठ दाबून धरायची, हेच त्याचं काम. मूठ सुटली की यंत्र थांबतं. फिटर त्याचा सख्खा मेहुणा. गेले चार दिवस बहीण त्याला दारात उभं करत नव्हती.

"दर पंधरा मिनिटांनी कुठे जात होतात? विडी ओढायला?"

ढवळ्या चकतीकडे बघत राहिला. "एवढं दिसतं ह्यात?"

"सगळं दिसतं. बोला."

"माझं नाव लिहा आणि मोकळ्या व्हा, बाई. मूठ माझ्याच हातातनं सुटली ना?"

"नाव लिहिणारच आहे. आधी कारण." बाईंनी रजिस्टर उघडून त्याच्यापुढे सरकवलं. "हे बघा. दर पंधरा मिनिटांनी 'ढवळणी चालू' म्हणून तुमची सही. कुणी टंगळमंगळ करू नये म्हणून गेल्या महिन्यात नियम केला मी. आणि तुम्ही खुशाल खोट्या सह्या ठोकल्यात?"

"खोटी एकही नाही. प्रत्येक सही वेळच्या वेळी केलीय."

"मग हे पट्टे कसले?"

ढवळ्याने दाराकडे पाहिलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून. आवाज खाली आणला.

"रजिस्टरला तेलकट हात लागतात म्हणून तुम्हीच ते इथे, तुमच्या टेबलावर ठेवायला लावलंत, बाई. यायला दीड मिनिट लागतं, जायला दीड."